वरचे दात

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं आहे, असं कुणी विचारलं तर मी दौलतरावांचं नाव घेईन. दौलतराव म्हणजे माझ्या पत्नीचे, हौसाचे, थोरले भाऊ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. शेवगावला सातवी, नगरला मॅट्रिक आणि पुढे पुण्याला बी.ए. एवढं मी शिकू शकलो, कारण ज्या वर्षांत मी पुण्याला पुस्तकं उघडून बसलो होतो, त्या वर्षांत आमच्या रानात माझ्या वाट्याची पेरणीची पाभर दौलतरावांनी धरली. आधी स्वतःची पेरणी उरकायची आणि मग बैल हाकत आमच्या गावी यायचं. माझे वडील वैतागून म्हणत की घरचा पोरगा बामणासारखा बसलाय आणि परक्याचा पोरगा राबतोय. त्यावर दौलतराव मान खाली घालून विंचवाची नांगी धरावी तितक्या सावधपणे उत्तर द्यायचे, "तात्या, दाजी बी पेरतातच की. त्यांची पेर उगवायला जरा येळ लागतो, एवढंच."

ज्वारी हुरड्यात आली की मला दौलतराव आठवतात, आणि त्यांच्याबरोबर एक हिवाळा आठवतो. गोवऱ्यांची धग, तिच्यात खुपसलेली कणसं, हातावर चोळून काढलेले हिरवे कोवळे दाणे. त्या वासाने लोकांना भूक लागते. माझी मात्र घटकाभर भूक जाते. रस्त्यावर कुठे सायकलची घंटी वाजली तर मी अजूनही पोस्टमन आला का म्हणून वळून पाहतो.

यंदा आमची शकू आपल्या मुलाला घेऊन माहेरपणाला आली आहे. मुलाला खालचे दोन दात आलेत. ती त्याला केळं कुस्करून देते, रताळं उकडून देते, वरणातला भात बोटांनी मेणासारखा मऊ करून देते. तो निम्मं गिळतो, निम्मं हनुवटीवर आणतो आणि पुन्हा तोंड उघडतो. परवा त्याला भरवता भरवता तिने सहज विचारलं, "बाबा, माझं उष्टावण कुणी केलं होतं?"

मी म्हणालो, "तुझं तूच."

ती हसली. तिला ती थट्टा वाटली.

शकूचा जन्म लढाईच्या दिवसांतला. तेव्हा मी नगरच्या एका हायस्कुलात नवीनच मास्तर झालो होतो आणि माळीवाड्याजवळ दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. तांदूळ रेशनवर, साखर रेशनवर, रॉकेलसाठी रांग. नागापूरच्या बाजूला, जिथे आज कारखान्यांच्या शेडा उभ्या आहेत, तिथे तेव्हा नुसती ज्वारी होती आणि संध्याकाळी तिकडून गोफणीचे आवाज यायचे. लष्करी लॉऱ्या धूळ उडवत छावणीकडे जात. अशीच एक लॉरी चालवायला दौलतराव शिकले आणि मग आगगाडीत बसून पूर्वेकडे निघून गेले. कुठे, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या पत्रात गावाचं नाव लिहायला मनाई होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं अक्षर असायचं, आणि शेवटी नेहमी एकच वाक्य: भाचीच्या उष्टावणाला रजा काढून येतो, थांबा.

आम्ही थांबलो होतो.

उष्टावण हा शब्द मला लहानपणापासून चमत्कारिक वाटत आला आहे. आमच्याकडे उष्टं म्हणजे टाकायचं, शिवायचं नाही असं. उष्ट्या हाताने भांड्याला हात लावला तर आई हात फटकारायची. आणि तरी माणसाच्या पहिल्या घासाला, मामाने मांडीवर घेऊन भरवलेल्या त्या पहिल्या गोड घासाला, आम्ही उष्टावण म्हणतो. जणू तोवर ते मूल या जगातलं नसतंच. एक शीत जिभेला लागलं की ते आपल्यासारखंच उष्टं झालं, आपल्यातलं झालं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं. शकूचा पाचवा महिना गेला, सातवा गेला. मामा आले नाहीत. हौसाचं दूध होतं तोवर कुणाला त्याची घाई नव्हती.

दिवाळीनंतर हौसाला हिवताप आला. एक दिवसाआड ती दुपारी थडथडायला लागायची. अंगावर घोंगडी, तिच्यावर गोधडी, तिच्यावर माझा कोट, आणि तरी बाज हलायची. त्यावरचं औषध, कोयनेल, मिळेना. मिळालं ते पुरेना. ताप उतरता उतरता तिचं दूधही उतरलं. माझ्या सासूबाई गावाहून आल्या आणि त्यांनी घर हातात घेतलं. त्या मला मास्तर म्हणत, त्यात थोडा मान असे आणि थोडी गंमत. वयाने त्यांचे दात बरेचसे गेले होते. भाकरी त्यांना चावत नसे. म्हणून त्या स्वतःसाठी ज्वारी जाडसर भरडून तिच्या कण्या शिजवत, पार मऊ होईपर्यंत, आणि मीठ घालून हळूहळू खात.

शकूला शेजारच्या खैरूनबीच्या शेळीचं दूध पितळी चोचीच्या बोंडल्याने पाजायचं ठरलं. खैरूनबीचा नवरा गाद्या पिंजायचा. तिचा सलीम आमच्या शकूच्याच वयाचा होता. एका सकाळी सासूबाई पाजत होत्या आणि बोंडल्याच्या पितळेवर टिक् असा बारीक आवाज झाला. दात आला की घरात आनंद होतो. मीही पुस्तक ठेवून उठलो. सासूबाईंनी शकूच्या तोंडात बोट घातलं, खालच्या हिरडीवरून फिरवलं, मग वरच्या हिरडीवर नेलं आणि ते तिथेच थांबलं.

"वरचे हायेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

हौसा बाजेवर उठून बसली. आमच्या भागात कुणाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. खालचे दात यायच्या आत वरचे आले तर ते मामाला जड. आणि मामा लढाईवर.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं कमी झालं. सासूबाईंनी आपलं म्हणणं एकदाच सांगितलं आणि पुन्हा उच्चारलं नाही. अन्नाचा पहिला घास मामाच्याच हातचा जायला हवा, मग तो भार उतरतो. मामाच्या हाताशिवाय धान्य पोटात गेलं तर उतरायचा राहून जातो. त्यांचा एकुलता एक मुलगा होता तो. त्या सांगताना रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. चुलीपुढे बसून काटक्या मोडत राहिल्या.

आणि शकू वाळत चालली. शेळीचं दूध तिला पुरेना. शेळीही आटत आली होती. आधी ती ओरडून रडायची, आता कुरकुरायची. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या. मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिचा दंड बोटांत धरून पाहिला आणि काय खायला देता ते विचारलं. मी म्हणालो, दूध. त्यांनी लिहिता लिहिताच सांगितलं की आता दुधाने भागायचं नाही, मऊ भात द्या, डाळीचं पाणी द्या, भात नसेल तर जे घरात शिजतं तेच मऊ करून द्या, पण आजपासून द्या. बाहेर पडताना पुन्हा हाक मारून म्हणाले, "मास्तर, वाट कसली पाहताय?"

बी.ए.ला माझा विषय तर्कशास्त्र होता. ग्रहणात जेवलं तरी काही होत नाही, असं मी वर्गात मुलांना सांगत होतो आणि ते मनापासून सांगत होतो. दातांच्या त्या समजावर माझा विश्वास नव्हता. पण ज्या माणसाने माझ्यासाठी वर्षानुवर्षं चिखल तुडवला, त्याच्या जिवावर माझ्या अविश्वासाची पैज लावायला माझं मन तयार होईना. समजा, आज मी शकूला घास भरवला आणि उद्या तार आली तर? तार त्या घासामुळे आली नाही, हे मला कळलं असतं. पण हौसाला ते कसं पटवणार होतो? ती आयुष्यभर त्या मुलीच्या तोंडाकडे कशी पाहणार होती? आणि नाही भरवला तर मुलगी डोळ्यांदेखत चालली होती. घरात येता-जाता या दोन गोष्टी माझ्या दोन्ही बाजूंनी चालत असत.

खैरूनबी रोज उन्हाला उंबऱ्यात बसून सलीमला भरवायची. खिचडी, नाहीतर आमटीत भिजवलेली रोटी, अंगठ्याने दाबून दाबून लगदा केलेली. आमची शकू हौसाच्या मांडीवरून तिकडे बघायची. सलीमने तोंड उघडलं की ही तोंड उघडायची. त्याने मिटलं की ही मिटायची. गिळायचीसुद्धा, काही नसताना. खैरूनबीला आमच्या घरातली अडचण ठाऊक होती, म्हणून तिने कधी घास पुढे केला नाही, की दोन शब्द सुनावले नाहीत. एक दिवस मी शाळेतून आलो तर तिचं दार लोटलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही. मी विचारलं, बरं आहे ना सगळं? ती दाराआडून म्हणाली, "बरं हाय, मास्तर. तुमची पोर बघते ना, मंग माझा हातच उचलत न्हाई. म्हनून आत भरवते."

ते लोटलेलं दार मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सासूबाईंनाही काही कळत नव्हतं असं नाही. शकूला आंघोळ घालताना त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि हाडाशी आल्यावर हात उचलून घेत. एका शुक्रवारी त्या तेलाची बाटली पदराखाली घेऊन शिंगणापूरला निघाल्या. घोडेगावापर्यंत मोटार, पुढे पायी. शनिवारी देवाला तेल घालून रविवारी दुपारी परत आल्या तेव्हा पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. येताना वाटेत कुणीतरी त्यांना हुरड्याची कणसं दिली होती, ती त्यांनी कोपऱ्यात ठेवली. देवाने काय सांगितलं, असं हौसाने हलक्या आवाजात विचारलं. सासूबाई म्हणाल्या की देव काय पोस्टमन आहे का सांगायला. हौसाला हसू आलं आणि हसता हसता तिला खोकला लागला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

मग त्यांनी शुक्रवारपासूनचा उपास सोडायला कण्या शिजवल्या. ताट पुढे घेतलं. कण्यांतून वाफ निघत होती. त्या फुंकर घालत बसल्या. मी खिडकीपाशी वह्या तपासत होतो. हौसा बाजेवर पडून होती. शकूला गोधडीवर ठेवलं होतं. अलीकडे ती रांगायची बंद झाली होती, ठेवू तिथे राहायची, म्हणून कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

ती रांगत आली. मधे थांबत, हातांवर झुकत, पण आली. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या घ्यायला मान वळवली तेवढ्यात तिने पंजा ताटात घातला आणि मुठीत आलं ते तोंडात कोंबलं.

सासूबाईंनी तांब्या खाली टाकला. डाव्या हाताने शकूची हनुवटी धरली आणि उजव्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं, घास बाहेर काढायला. मी उठलो, पण पुढे गेलो नाही. सांडलेलं पाणी वह्यांपर्यंत आलं तरी मी उभाच होतो.

"आई, काढू नको," हौसा म्हणाली.

"आगं, दौलत्या..."

"दादा बी माझाच हाय. पोर बी माझीच हाय." हौसा कोपरावर उठली. "दोघांतलं एक निवडायला मला लावू नको. तू काढू नको."

सासूबाईंचं बोट तोंडात होतं तसंच राहिलं. शकू रडली नाही. तिने त्या बोटावर हिरडी दाबली, मग ते दोन दात. सासूबाईंचा चेहरा आक्रसला. बोट ओढून घेणं सोपं होतं, पण त्यांनी ते लगेच ओढलं नाही. पोरीचा घसा हलला. घास गेला. मग सासूबाईंनी सावकाश बोट बाहेर काढलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं.

"चावली," त्या म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "लई जोर हाय दातांत."

शकूने पुन्हा तोंड उघडलं. सासूबाईंनी हौसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडून त्यांना काय हवं होतं मला कळलं नाही, आणि मी काही दिलंही नाही. त्यांनी ताटातली चिमूटभर कणी बोटांत घेतली, अंगठ्याने चिरडली, स्वतःच्या ओठाला लावून ऊन आहे का पाहिलं आणि शकूच्या जिभेवर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. मधेच त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दौलत्या बी असाच हुता. हावरा. ताटात हात घातल्याबिगर त्याला जमायचंच न्हाई."

त्या दिवशी त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही. दात नसलेल्या म्हातारीसाठी शिजवलेलं ताट दोन दातांच्या पोरीने संपवलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला हुरड्याचा वास आवडला असता. दुसऱ्या दिवशी शकूचं पोट बिघडलं. सासूबाई लंगोट बदलत राहिल्या. 'मी बजावलं होतं' असा शब्द त्यांनी काढला नाही, आणि तेच आम्हाला सोसवेना. त्यांनी कण्या आणखी पातळ केल्या, पेजेसारख्या, आणि चमच्याने देत राहिल्या. पोट हळूहळू ताळ्यावर आलं. मग मुगाच्या डाळीचं वरण आलं. मग भाकरीचा वरचा पापुद्रा, दुधात विरघळेपर्यंत भिजवलेला. खैरूनबीने एका सकाळी दार सताड उघडलं आणि वाटीभर खिचडी घेऊन सरळ आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. हुरड्याचे दाणे पाट्यावर वाटून त्यांचं हिरवट दूध सासूबाई शकूच्या जिभेला लावत, आणि ती डोळे मिचकावून आणखी मागायची.

पण पोस्टमनची वेळ झाली की सासूबाई घास हातात धरून थांबत. सायकल पुढे निघून गेली की तो घास भरवत. शकूलाही ते अंगवळणी पडलं होतं. घंटी वाजली की तीही तोंड उघडं ठेवून थांबायची. तिच्या खाण्याला अशी एक धास्तीची लय लागली होती. आज तिचा मुलगा खाता खाता खेळतो, रांगतो, थुंकतो. मला ते बघून बरं वाटतं.

दौलतरावांना पत्र लिहायला बसलो तेव्हा घरात पहिल्यांदा उघड वाद झाला. मला वाटलं होतं की सासूबाई म्हणतील, दातांचं लिहू नका. झालं उलटंच. त्या म्हणाल्या, लिहा, म्हणजे तो सांभाळून राहील, पुढं पुढं करणार नाही. हौसा म्हणाली, लढाईवरच्या माणसाच्या डोक्यात हे घालायचं नाही, रात्रंदिवस तेच घोळत बसेल. माय-लेकींचं बोलणं बराच वेळ चाललं. दोघींचं सारं मन एकाच माणसाभोवती होतं, म्हणून कुणालाच हरवता येईना. शेवटी दोघी माझ्या टाकाकडे बघत बसल्या. दोघींनाही वाचता येत नव्हतं. मी लिहीन तेच तिकडे जाणार होतं. मी काय लिहिलं, ते दोघींनाही तेव्हाच वाचून दाखवलं. हौसाने होकाराची मान हलवली. सासूबाई उठून चुलीकडे गेल्या.

लढाई संपल्यावर दौलतराव गावी परत आले आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. लॉरी सुरू करायचा दांडा लागला, एवढंच त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी त्या बोटांवरून हात फिरवला आणि इतक्यावर भागलं असं काहीसं पुटपुटल्या. त्याच हाताने दौलतरावांनी शकूला मांडीवर घेऊन साखरभात भरवला. ती तोवर धावायला लागली होती. दोन घास खाऊन पळाली. दातांची हकीकत त्यांना मग हौसाने सांगितली. ते खूप हसले, आणि मग उठून बाहेर जाऊन बराच वेळ बैलांपाशी उभे राहिले.

पण पत्र लिहिलं तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. माझ्या सवयीप्रमाणे मी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं. ते कच्चं आजही माझ्याजवळ आहे. पाकीट बंद करताना घातलेला ताजा कलमही मी त्याच्याखाली उतरवून ठेवला होता.

"तीर्थस्वरूप दौलतराव यांस कृतानेक साष्टांग नमस्कार.

येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. हौसाचा ताप गेला. आता ती घरात हिंडते-फिरते. आई येथेच आहेत.

आपली भाची शकू अन्न खाऊ लागली. तुमची वाट पाहायची होती, पण ती थांबली नाही. आईंच्या ताटात हात घालून तिने स्वतःच सुरुवात केली. कण्या, मुगाचं वरण, भाकरीचा पापुद्रा असं सगळं मऊ करून देतो. अंगावर थोडं मांस धरू लागलं आहे. आईंच्या मते तिची खाण्याची रीत अगदी तुमच्यासारखी आहे. उष्टावण राहिलं असं मनात आणू नये. आपण याल तेव्हा आपल्या हातचा घास ती घेईलच.

तिला दात आले आहेत. चांगले बळकट आहेत.

रानाची काळजी नसावी. ज्वारीची कणसं निसवून आता हुरड्यात आहेत. आपण माझ्यासाठी जे केलं त्याविषयी मी आपल्याजवळ कधी बोललो नाही. समोर असलात की बोलवत नाही, आणि कागदावर लिहू गेलो तर अपुरं वाटतं. म्हणून एवढंच मागतो की आपण जपून राहावं. हे मी मास्तर म्हणून नव्हे, शकूचा बाप म्हणून मागतो.

आपला,
गणपत

ता. क. — पाकीट बंद करणार तोच आई चुलीपुढून विचारत आहेत की तिकडे तुम्हाला वाढतं कोण. उत्तरात बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. हे आधी लिहावं."